कुलपातलं पाणी

माझ्या घरात ठेवलेली वस्तू बिघडली, असं चाळीस वर्षांत झालेलं नाही. म्हणून पाणीखात्याचे साहेब मला माझ्याच ओसरीवर खोटं पाडायला लागले, तेव्हा माझं टाळकं सटकलं.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रांचे सुटे भाग धुवायचा कारखाना होता. धुवायचं गोडसर वासाचं औषध त्यांनी वर्षानुवर्षं जमिनीतच जिरवलं. कारखाना बंद पडला, मालकाने काढता पाय घेतला, आणि ते औषध नळाच्या पाण्यात उतरलंय का ते बघायला खात्याची एक मुलगी आली. गल्लीने लगेच तिचं नाव बाटलीवाली ठेवलं. तिच्या बाटल्या अंगठ्याएवढ्या, काचेच्या. पाणी अगदी काठोकाठ भरायचं, झाकण लावून बाटली उलटी करायची, टिचकी मारायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी बाटली बाद.

"एवढ्याशा बाटलीचे एवढे लाड?" मी म्हणाले. "माझ्या सुनेला सातवा लागलाय, तिचेसुद्धा एवढे होत नाहीत."

पण आमच्या घराची पाळी आली त्या दिवशी नळाला पाणीच आलं नाही, मोठा पाइप फुटला होता. बाटल्यांची पेटी माझ्याकडे ठेवून जाताना तिने एक भरलेली बाटली दाखवली. "आजी, हिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी आहे. उघडायची नाही, नुसती ठेवायची. बाटल्यांमध्ये बाहेरचं काही शिरलं तर हिच्यावरून कळतं."

"म्हणजे साक्षीदार."

"अगदी बरोबर."

साक्षीदाराला मी उघड्यावर ठेवते होय? घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली. गार, शांत. सुनेला मीच दिलेली. तिथल्या लोखंडी कपाटात बाटली ठेवली, किल्ली कमरेला. पाच दिवसांनी पाणी आलं. बाटलीवालीने नळाच्या बाटल्या भरल्या, मी कुलूप काढून तिची बाटली तिच्या हातात दिली.

पंधरवड्याने ती साहेबांना घेऊन आली.

"नळाच्या पाण्यात औषध आहे, पण अगदी थोडं," साहेब म्हणाले. "घोटाळा त्या बंद बाटलीत आहे. तिच्यात नळाच्या वीसपट निघालं."

"बंद होती ना ती?"

"चुकून उघडली असेल हो. तेवढं लिहून द्या. आम्ही बाटली बाद करतो, विषय संपला."

"साहेब, माझ्या कुलपावर माझ्या नवऱ्यानेही कधी शंका घेतली नाही. तेवढी छाती नव्हती त्याची."

साहेब हसले. बाटलीवाली हसली नाही. "आजी, कपाट कुठल्या खोलीत आहे?"

मी बोट दाखवलं. ती दारापर्यंत गेली आणि थबकली.

"झाकणात पातळ रबर असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी त्यातून बाहेर येत नाही. पण खोलीच्या हवेत औषधाची वाफ असली, तर ती आत जाते. हळूहळू."

"खोलीत कुठून येईल वाफ?"

ती खाली बघत राहिली. मीही बघितलं. फरशी. माझ्या हाताने पुसलेली, लखलखीत. दोन फरश्यांमधल्या काळ्या रेघा. त्यांच्याखाली माती. कारखान्याखालचीच माती, फक्त भिंतीच्या अल्याडची.

साहेबांनी कागद पुढे केला. 'उघडली' एवढंच म्हणायचं होतं. मग दोष माझा, आणि खोली निर्दोष. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मी खोटारडी असते तर किती बरं झालं असतं.

"नाही उघडली," मी म्हणाले. "तसंच लिहा. आणि अंगठा नको, मला सही येते."

खोलीत गेले. सकाळचे अकरा वाजले होते आणि सून गाढ झोपलेली. दोन महिने तिची ही झोप बघत होते, कुंभकर्णाची बहीण म्हणून टोमणे मारत होते. खिडकी घट्ट लावलेली. तिला वारा बाधू नये म्हणून रोज मीच लावायची. खिडकीच्या दोन्ही झडपा धाडकन उघडल्या, सुनेला हलवलं. हलेना. गदागदा हलवलं.

"आई, झोपू द्या ना," डोळे न उघडताच ती म्हणाली. "किती गोड वास येतो इथे."

मला कसलाच वास येत नव्हता.

तिच्या काखेत हात घालून बसती केली. मान माझ्या खांद्यावर कलंडली. मागे वळून बघते तर साहेब उंबऱ्याबाहेर उभे, नाकाला रुमाल लावून.

"कळलंय ना सगळं?" मी म्हणाले. "मग तो कागद टाका खाली आणि या आत. हिची दुसरी बाजू धरा."