लोखंडातून उगवलेला नंबर

शारजाच्या सनायात, म्हणजे गॅरेजं आणि भंगारवाल्यांच्या त्या अफाट वस्तीत, शनिवारी भर दुपारी तीसचाळीस मराठी माणसं एका गंजक्या इंजिनाभोवती हात जोडून उभी होती. कुणी बँकेतलं, कुणी एअरलाइनमधलं, दोघे तर चांगले पीएचडी. ऑफिसात दोन ओळींच्या मेलवर सतरा शंका काढणारी ही मंडळी, पण आज त्यांची वाचाच बसली होती. कारण लोहनाथ महाराज इंजिनावरच्या एका गुळगुळीत पट्टीवर तीर्थ चोळत होते आणि त्या कोऱ्या लोखंडातून आकडे वर येत होते.

आधी एक पुसटसा चार, मग शून्य. कापसाच्या बोळ्याने तीर्थ फिरवायचं, 'लोह बोले, सत्य बोले' असं एकशे आठ वेळा म्हणायचं, की आणखी एक आकडा. शेवटचा आकडा उमटला तसं मुरलीधर काकांनी जमिनीवर डोकं टेकलं. तो त्यांच्या गाडीचा नंबर होता.

ही गाडी म्हणजे काकांचा जीव की प्राण. एकोणसत्तर सालची, आठ सिलिंडरची अमेरिकन मसल कार. असल्या गाडीच्या चॅसीवरचा नंबर इंजिनावरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर गाडी अस्सल, नाहीतर नुसताच रंगवलेला पत्रा. ती नवी करायचं काम जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या अरुणकडे होतं. तीन वर्षं खपून त्याने गाडी उभी केली आणि शेवटी खरं ते सांगून टाकलं: काका, आतलं इंजिन मूळचं नाही, आधीच्या कुठल्यातरी मालकाने बदललंय. झालं, त्या खरेपणानेच त्याचा घात केला.

महाराज म्हणजे मोठं प्रस्थ. व्हिसावर 'सेल्स एक्झिक्युटिव्ह', अंगावर भगवा सिल्कचा झब्बा, पायात इटालियन बूट. "लोहे को भी मेमरी असते, बेटा," ते डोळे मिटून सांगत होते. "आपल्या ऋषींकडे क्लाउड होता. मी फक्त लॉग-इन करतो." या लॉग-इनची दक्षिणा होती पंचवीस हजार दिरहम, म्हणजे सहा लाखांच्या आसपास, आणि काकांनी ती हसतमुखाने मोजली होती. ध्यानात दिसलं म्हणे, की तुझं खरं इंजिन याच यार्डात पडलंय. हे यार्ड महाराजांच्याच एका शिष्याचं होतं, याचं कुणाला काही वाटलं नाही.

अरुणची मोठी बहीण अपर्णा मागे उभी राहून हे सगळं बघत होती. शारजातच अल मजाज भागात राहणारी, शाळेत केमिस्ट्री शिकवणारी बाई. भावाला जेवायला घरी न्यायला म्हणून आली होती. वाऱ्याची झुळूक आली तसा तीर्थाचा झणका तिच्या नाकात गेला आणि ती चपापली. तो वास तिच्या ओळखीचा होता. कुठला, ते आठवेपर्यंत मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

कुणीतरी विचारलं की मग हे इंजिन काकांच्या गाडीतून काढून इथे विकलं कुणी. महाराजांनी डोळे उघडले आणि सरळ अरुणकडे बोट दाखवलं. लोखंड सांगतंय म्हणे. खात्री करायची तर तीर्थ हातावर घ्या, खऱ्याला ते गार लागतं, चोराला जाळतं. त्यांनी आधी स्वतःच्या तळहातावर तीर्थ ओतून घेतलं आणि देवघरातल्या मूर्तीसारखं मंद हसले. मग दोघा शिष्यांनी अरुणला धरलं, पत्र्यांनी कापलेला, सोललेला त्याचा उजवा हात उघडला आणि वर बाटली उपडी केली.

अरुण असा किंचाळला की शेजारच्या गॅरेजातला ग्राइंडर थांबला.

"जळला! चोर आहे!" गर्दीतून आवाज आला आणि पहिली लाथ बसली. ती होती जयची. जय म्हणजे काकांचा मुलगा, इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला, जिमला जाणारा. लहानपणापासून त्याने बापाला त्या गाडीपायी झुरताना पाहिलं होतं, त्याचं डोकंच फिरलं. अरुण खाली पडला तर त्याने कॉलर धरून त्याला उठवलं आणि तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, दात हलला. मग बाकीचेही पुढे सरसावले. दिवाळीला ज्यांनी अरुणच्या घरी चकल्या खाल्ल्या होत्या तेच त्याच्या बरगड्यांत बूट घालत होते.

अपर्णा त्या गर्दीत घुसली. कुणाचं कोपर तिच्या डोळ्याखाली लागलं, तरी भावाला फरफटत ओढत तिने पाण्याच्या पाइपापाशी नेलं आणि त्याचा हात धारेखाली धरला. तळहाताची कातडी पांढरीफटक पडून सुटत होती. तिने पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला, तर जयने तो हिसकावून भिंतीवर आपटला.

"मॅम, प्लीज डोन्ट इंटरफिअर," तो धापा टाकत म्हणाला. मॅम, कारण दहावीला तो तिच्याच वर्गात होता.

महाराज पुढे आले. आवाज अगदी मऊ, लोण्यासारखा. पापाचं प्रायश्चित्त झालं पाहिजे, म्हणाले. उरलेलं तीर्थ याने प्यावं, मग लोह त्याला क्षमा करील. शिष्यांनी अरुणचं डोकं मागे ओढलं आणि जयने त्याचा जबडा दाबून उघडला. बाटलीतलं निळसर हिरवं पाणी उन्हात चमकलं.

तो रंग दिसला आणि अपर्णाला वास आठवला. मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि त्यात तांब्याचा क्षार. तिच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या कपाटात, कुलूप लावून ठेवलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडून उपयोग नाही हे तिला कळत होतं. चाळीस माणसांना ओरडून कोण हरवणार?

ती मुरलीधर काकांसमोर जाऊन उभी राहिली. काका आयुष्यभर बँकेत ऑडिटर होते.

"काका, एकच विचारते. समोरचा सांगतोय म्हणून, स्वतः न तपासता, तुम्ही कधी कागदावर सही केलीत?"

 काकांची नजर अरुणच्या रक्ताने भरलेल्या हनुवटीवर गेली, तिथून बाटलीवर.

"एकदा तपासू द्या," अपर्णा म्हणाली. "मी चुकले तर त्याच्याआधी मी पिते."

काकांनी हात वर केला तसे सगळे थांबले. महाराज म्हणाले की परक्या हाताने तीर्थ बाटतं. काकांनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

यार्डाच्या टेबलावर आकडे ठोकायच्या पोलादी पंचांची, म्हणजे ठशांची, पेटी होती. भंगारवाल्याला ती कशाला लागते, हे विचारायला आता वेळ नव्हता. अपर्णाने लोखंडाची एक जाड पट्टी आणि हातोडा जयच्या हातात दिला. आत जा, म्हणाली, तुझ्या मनातला कुठलाही नंबर ठोक, कुणाला दाखवू नकोस, मग ग्राइंडरने घासून पार साफ करून आण.

जय तणतणत आत गेला. ठोके ऐकू आले, मग ग्राइंडरचा किरकिराट. परत आला तेव्हा पट्टी आरशासारखी झाली होती. काकांनी चष्मा लावून पाहिलं, नख फिरवून पाहिलं. काही नव्हतं.

अपर्णाने हातमोजे चढवले, कापूस त्या तीर्थात बुडवला आणि पट्टीवर चोळायला लागली. मंत्राच्या जागी तिने मोठ्याने बाराचा पाढा म्हटला. एकदा, दोनदा, दहादा. गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि लगेच थांबलं, कारण लोखंडातून एक वर येत होता. मग चार, मग शून्य, मग आठ.

"कसला नंबर आहे हा, जय?"

जयचा चेहरा उतरला. "माय बर्थडे," तो पुटपुटला.

"मग तुझा जन्म या लोखंडातून झाला का रे?"

 अपर्णाने वर्गात सांगावं तसं सांगितलं. आकडा ठोकला की दिसतो त्याहून खोलवर लोखंड दाबलं जातं. वरचा खड्डा घासून जातो, आतला दाब राहतो. आम्ल त्या दाबलेल्या जागेला वेगळं खातं आणि गेलेला आकडा पुन्हा दिसतो. पोलीस चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच शोधतात. काकांच्या गाडीचा नंबर या भंगारात कुणीतरी आधी ठोकला, मग घासला, आणि आज दैवी म्हणून दाखवला. एकशे आठ जप कशाला? आम्लाला वेळ लागतो म्हणून. बोलता बोलता तिने महाराजांचा तळहात धरून आपल्या ओढणीने पुसला. ओढणीला तुपाचा जाड थर लागला; म्हणूनच त्यांना तीर्थ जाळत नव्हतं.

"ताई," पाइपापाशी बसलेला अरुण फाटक्या ओठाने म्हणाला, "मागच्या बाजूला बघ. उठावाचे आकडे आहेत, ओततानाच आलेले. ते कुणाला ठोकता येत नाहीत."

काका स्वतः गुडघ्यांवर बसले आणि रुमालाने ग्रीस पुसलं. ओतकामाची तारीख बहात्तर सालची होती. एकोणसत्तरला कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीत बहात्तरला ओतलेलं इंजिन होतं म्हणे. हे पाहायला ना ध्यान लागलं, ना दक्षिणा. नुसतं वाकून पाहायचं होतं, आणि चाळीस शिकलेल्या माणसांतलं एकही वाकलं नव्हतं.

महाराज फाटकाकडे पळाले. इटालियन बूट वाळूत घसरले आणि गर्दी त्यांच्यावर तुटून पडली. तीच माणसं, तेच बूट. झब्बा टराटरा फाटला, नाकातून रक्ताची धार लागली. "पाज साल्याला त्याचंच तीर्थ," कुणीतरी ओरडलं आणि जयने बाटली उचलली. महाराज गुरासारखे ओरडत होते. जयने त्यांचा जबडा दाबला, अगदी मघासारखा.

अपर्णाने मागून त्याच्या मनगटावर हातोड्याचा दांडा हाणला. बाटली पडून फुटली आणि शंखशिंपल्यांची ती वाळू फसफसून उकळली. पांढरा फेस सगळ्यांच्या पायांपर्यंत आला. हेच अरुणच्या पोटात गेलं असतं. सगळे त्या फेसाकडे बघत राहिले.

"मघाशीही तुमची खात्री होती," ती म्हणाली.  "अरे, खात्री म्हणजे पुरावा नाही. हा भोंदू एकटाच होता, हात तुमचे होते. आधी तपासा. मारायच्या आधी, नमस्कार करायच्या आधी, तपासा. एवढंच मागते मी."

मुरलीधर काकांनी खिशातून फोन काढला. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, काका, पोलीस कशाला, सगळ्यांचे व्हिसा जातील, जयचं काय होईल. काकांनी ऐकलं, मुलाकडे एकदा पाहिलं आणि नंबर दाबला. त्यांनी पत्ता सांगितला, महाराजांचं नाव सांगितलं, आणि मग जरा थांबून म्हणाले की मारहाण झाली आहे, मारणाऱ्यांत माझा मुलगा आहे, तो इथेच थांबलाय.

जय पाइपापाशी जाऊन बसला. अरुणचा जळका हात त्याने दोन्ही हातांत घेऊन धारेखाली धरला. पोलिसांची गाडी येईपर्यंत त्याने तो सोडला नाही.

अरुणचा हात वाचला, पण पहिल्या दोन बोटांना आता काही जाणवत नाही. नख फिरवून पत्र्याचा खड्डा कुठे लांबीने भरलाय ते ओळखायचा तो, ते खलास. कधीकधी तो तळहात उन्हात धरून बघतो. लोखंडाला आठवण असते एवढं एक महाराज खरं बोलले होते, असं अपर्णा दर वर्षी दहावीच्या वर्गाला सांगते. मग ती जयच्या जन्मतारखेची ती पट्टी बाकांवरून फिरवते आणि म्हणते, बघा, घासून साफ केलं तरी आपण घातलेला घाव आत राहतो, म्हणून हात उचलायच्या आधी विचार करायचा.