कडक इस्त्री

“आई, ये ना लवकर. आपलं पत्र वाचतायत!”

मुलीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आवाज वाढवला. आई हात पुसत येऊन बसली. रविवारची सकाळ होती. आठवड्यातला हा एकच तास दोघी एका टेबलाशी निवांत बसायच्या आणि ‘भरल्या तोंडाने’ हा पॉडकास्ट ऐकायच्या. जाड्या आणि काडी अशी टोपणनावं घेतलेले दोघे मित्र दर आठवड्याला एका बर्गरच्या दुकानात जात, खात आणि मग त्यात त्या दुकानाची सालटी काढत. आईला त्यांचे निम्मे विनोद कळत नसत. पण नवरा घर सोडून गेल्यापासून मुलगी पोट धरून हसायची ती या एका तासातच. त्यामुळे ते दोघे आईलाही घरचेच वाटायला लागले होते.

“एका ताईंनी लिहिलंय,” जाड्या वाचत होता. “‘स्टेशनासमोरच्या शाखेत एकदा जाऊन या. तिथे ग्रिलवर ज्या मावशी आहेत, त्यांचा हात कधी चुकत नाही.’”

“मीच लिहिलं होतं,” मुलगी म्हणाली. “मुद्दाम सांगितलं नाही तुला.”

आईला अवघडल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं. एकोणीस वर्षं ती त्या तापलेल्या लोखंडासमोर उभी होती. तिच्याबद्दल कुणी कुठे दोन ओळी लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

“तर आम्ही गेलो,” काडी सांगू लागला. “मावशींना पाहिलं. मंडळी, त्या पॅटी भाजत नाहीत. इस्त्री करतात!”

“कडक इस्त्री!”

“उलथनं टेकवतात आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबतात. मी पहिला घास घेतला, तर वाटलं, कुणाच्या तरी शर्टाची कॉलर चावतोय.”

“माझ्या पॅटीने तर हात जोडले. म्हणाली, दादा, सगळे गुन्हे कबूल करते, पण या बाईंना आवरा.”

दोघे खदखदून हसले. मग जाड्याने विचारलं, “आणि पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमचे दात कुठल्या कंपनीचे हो?”

मुलीचा हात फोनकडे गेला. आईने तो वरच्यावर धरला आणि ती हसली. चांगली मोठ्याने हसली.

“कॉलर म्हणे! काय बोलतात गं मेले.”

“हसू नकोस, आई.”

“अगं, हसू आलं तर हसू नको?”

“तुला हसू आलेलं नाहीये.” मुलीने फोन पालथा घातला. “आणि ते माझ्यामुळे झालंय.”

आईने चहाचे कप उचलले आणि ती मोरीकडे वळली. त्यानंतर त्या घरात तो कार्यक्रम पुन्हा लागला नाही.

दुकानात मात्र तो रोज लागल्यासारखाच होता. सोमवारपासून माणसं यायला लागली. काउंटरवर ऑर्डर द्यायची, मान वाकडी करून ग्रिलकडे बघायचं आणि फोन वर धरायचा. “मावशी, एक कडक इस्त्री!” कुणीतरी ओरडायचं आणि रांगेत खसखस पिकायची. ती वर बघत नसे. उलथनं टेकवायची, दाबायची, कडेने सुटणारं पाणी निरखायची आणि पॅटी पलटायची. एका बाईंनी तर आपला चुरगळलेला रुमाल पुढे केला. एखाद्या पोराने केला असता तर एक वेळ बरं. पण बाई चांगल्या पन्नाशीच्या, आईच्याच वयाच्या होत्या. त्या दिवशी आईने जेवणाची सुट्टी मागच्या गल्लीत, रिकाम्या खोक्यांवर बसून काढली. डबा उघडलाच नाही.

मॅनेजर तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होता, स्वभावाने वाईट नव्हता. पहिले पंधरा दिवस गर्दी वाढली म्हणून तोही खुशीत होता. मग मुख्य कचेरीतून पत्र आलं. त्याने तिला बाजूला बोलावलं.

“मावशी, वरच्या लोकांनी तो कार्यक्रम ऐकलाय. पॅटी दाबायची नाही, हा नियम आहेच आपल्याकडे. टायमर वाजला की पलटायची, पुन्हा वाजला की उचलायची.”

“आणि आतून कच्ची राहिली तर?”

“तापमापीची सुई टोचून आकडा बघायचा ना.”

“बघते की. रोज बघते.”

“मग दाबता कशाला?”

ती ग्रिलकडे वळली. बाहेर रांग खोळंबली होती.

दोन दिवस तिने हात आवरला. टायमर वाजला, पलटली, वाजला, उचलली. तिसऱ्या दिवशी पॅटी पावावर ठेवताना बोटं थबकली. ती तिने परत ग्रिलवर टाकली आणि दाबली. मॅनेजरने काचेतून पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याच आठवड्यात मुलीला जाड्याचा निरोप आला. मुलीने त्या दोघांना रागाने भलंमोठं पत्र लिहिलं होतं, त्याचं हे उत्तर. मावशींना पुढच्या भागात पाहुण्या म्हणून बोलवायचं होतं. ‘आम्ही जाहीर माफी मागू. मावशींनी आम्हाला दोन शिव्या द्याव्यात. धमाल येईल.’

“जा तू,” मुलगी म्हणाली. “त्यांच्या तोंडावर सांग, का दाबतेस ते. तुझं काहीतरी कारण असणारच ना?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने पुरी केली.

“ग्रिलवर मला वर्षही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “तू दोन वर्षांची होतीस. रात्रभर तुला ताप, मी डोळ्याला डोळा न लावता कामावर गेले. दुपारी गर्दी होती. एक पॅटी आतून कच्ची गेली माझ्या हातून. खाणारी चार वर्षांची पोर होती गं. अकरा दिवस दवाखान्यात होती.”

“मग?”

“वाचली. पण एक मूत्रपिंड गेलं, असं कानावर आलं. महिनाभराने तिची आई दुकानात आली. मला वाटलं, आता ही मला मारते. तर काउंटरच्या पलीकडे नुसती उभी राहिली. मी पॅटी भाजत होते, ती बघत होती. पाच मिनिटं असेल. एक शब्द बोलली नाही. निघून गेली.” आईने दुसरा टॉवेल ओढला. “तेव्हापासून, दाबल्यावर सुटणारं पाणी लाली जाऊन स्वच्छ आल्याशिवाय माझ्याने उचलवत नाही. आकडा काही का सांगेना.”

मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली. “हे सांग ना मग! हे ऐकल्यावर एकाची तरी हिंमत होईल का हसायची?”

“नाही होणार.”

“मग?”

“मग सगळे मला चांगलं म्हणतील. आणि त्या पोरीचं काय? ती आता तुझ्याएवढी असेल. कुठेतरी बसून हाच कार्यक्रम ऐकत असेल. तिचं दुखणं सांगून मी माझं नाव धुऊन घेऊ? नको गं. त्यांना कळव, आईला वेळ नाही म्हणून.”

मुलीने तसं कळवलं. ‘हरकत नाही, पुन्हा कधीतरी,’ असं उत्तर आलं, खाली हसरा चेहरा.

महिनाअखेरीस मॅनेजरने तिला ग्रिलवरून काढलं. सांगताना तो सारखा घड्याळाचा पट्टा चाळवत होता. “पगार तोच राहील, मावशी. मागे भांडी धुवायला माणूस हवाच आहे. फक्त नव्या मुलीला दोन दिवस जरा शिकवा.”

नवी मुलगी भित्री होती. पहिल्याच तासात तिने मनगट भाजून घेतलं. आईने तिला थंड पाण्याखाली हात धरायला लावला, बाह्या खाली ओढून दिल्या आणि ती तिच्या पाठीशी उभी राहिली. दाबायला तिने शिकवलं नाही; तसं शिकवू नये, असं मॅनेजरने बजावलं होतं.

“टायमरवर भरवसा ठेव, पण कान इकडे दे,” ती म्हणाली. “कच्ची असते तेव्हा तडतडते. होत आली की आवाज बसतो. बघ, आता... आता बसला. ऐकलंस?”

“नाही, मावशी.”

“येईल हळूहळू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने उलथनं खरवडून स्वच्छ केलं, पुसलं आणि नव्या मुलीच्या हातात दिलं.

मागची खोली अरुंद होती. एक खोल टाकी, एक नळ, आणि तेलकट ट्रे छातीपर्यंत रचलेले. ग्रिल भिंतीपलीकडेच होतं, पण नळ एकदा सुरू झाला की त्याच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येत नसे. आठवड्याभरात तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली.

पलीकडे टायमर वाजायची वेळ झाली की ती नळ बंद करायची. ओले हात तसेच टाकीवर धरून, भिंतीकडे कान लावून उभी राहायची. तडतड ऐकू यायची, मग आवाज बसायचा. कधी आवाज बसायच्या आधीच पॅटी उचलली जायची, तेव्हा ‘थांब’ म्हटल्यासारखे तिचे ओठ हलायचे.

मग ती पुन्हा नळ सोडायची आणि पुढचा ट्रे उचलायची.