रविवारी रुसणारा बॉयलर

आमच्या घरामागचा बॉयलर पाहायला काळेवाडीतली निम्मी गल्ली येऊन गेली. प्रत्येकाला आमचे हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगतात, आणि तो प्रत्येकजण मान डोलावून शेवटी विचारतो, "पण साहेबराव, गिझर का नाही घेतला?" मग हे चिडतात. समजूत मी काढते, चहाही मीच करते. या बॉयलरपायी मी काय करून बसले ते मात्र ह्यांना अजून ठाऊक नाही.

नाव साहेबराव असलं तरी हे साहेब कधीच नव्हते. लातूरकडून आलो आणि ह्यांनी चौतीस वर्षं पिंपरीतल्या एका कंपनीच्या बॉयलर हाऊसमध्ये काढली. वाफ किती चढली ते दाबाच्या घड्याळात न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचे. रिटायर झाले आणि खुर्चीत असे बसले की झाडू मारायचा तर खुर्चीसकट उचलावं लागे. आमची एकुलती एक लेक आम्रपाली, आमची अमू, चाकणला इंजिनियर होती. तिला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. येत्या जूनमध्ये ती परत यायची होती.

तिचा फोन यायचा पंधरा दिवसांतून एकदा. माझ्या वाट्याला दोन मिनिटं. "आई, जेवलीस का? गोळ्या घेतेस ना? दे पप्पांना." पप्पांना तरी काय बोलता यायचं? 'बरं आहे, थंडी आहे का, सांभाळून राहा' एवढं झालं की फोन परत माझ्या हातात, आणि तोवर तिकडून ठेवलेला. मी तो काळा पडदा बघत बसायची. राग यायचा. नऊ महिने पोटात वाढवली, आता नऊ मिनिटं बोलेना.

मग दिवाळीनंतर तिने एक व्हिडिओ पाठवला. ती राहते त्या घराच्या तळघरात म्हाताऱ्या घरमालकाचा लाकडावरचा बॉयलर आहे. तो त्याने पठ्ठ्याने स्वतः बनवलेला. वरच्या पेटीत लाकूड भरायचं, पेटवायचं आणि हवा मोजूनच द्यायची. लाकूड भडकत नाही, नुसतं धुमसतं. तो धूर पंखा खाली ओढतो, मधल्या विटांच्या फटीतून तो खालच्या पेटीत येतो आणि तिथे धूरच पेटतो. चिमणीतून काहीच बाहेर पडत नाही. ह्यांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी म्हणाले, "गिरजा, आपण जन्मभर धूर वर सोडला. हा माणूस धूर जाळालाय."

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. हे मागच्या मोकळ्या जागेत खडूने फरशीवर रेघोट्या ओढत बसले होते.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी साडेतीनला फोन यायला लागला. अमूकडे तेव्हा सकाळचे अकरा. जुन्या कॉम्प्रेसरची टाकी चालेल का, पत्रा सहा मिलिमीटरचा पुरेल का, फट किती ठेवायची, बापलेकीचं संपेना. ती तळघरात जाऊन माप घ्यायची, म्हाताऱ्याला विचारायची, हे वहीत लिहून घ्यायचे. "पाणी बंद कोंडायचं नाही हं पप्पा, वर उघडी टाकी ठेवा," ती दटावायची, आणि चौतीस वर्षांचा बॉयलरवाला "व्हय बाई, व्हय बाई" करायचा. टाकी भोसरीच्या एका शेडमध्ये कापून आणली. भट्टीच्या विटा हातगाडीवरून आल्या. लाकूड चाकणचं. परदेशी मशिनं ज्या पेट्यांतून येतात ना, त्यांच्या फळ्या. वाळलेल्या, हलक्या, राळेचा वास येणाऱ्या. ह्यांनी त्या पत्र्याखाली रचून ठेवल्या आणि वर ताडपत्री. मला एकदा म्हणाले, "जूनमध्ये अमू आली की पहिली अंघोळ तिची." माझं पाणी आजवर स्टोव्हवर तापत होतं त्याचं काही नाही.

पण खोटं कशाला बोलू, ते रविवार मला फार आवडायचे. मी फोनच्या आड, भांडी पुसत बसायची. बोलणं विटा-पत्र्याचं असलं तरी आवाज माझ्या लेकीचा होता. मध्येच ती शिंकली तर कळायचं सर्दी झालीय. मध्येच तिकडे किटली शिट्टी मारायची. दीड दीड तास माझी लेक माझ्या स्वयंपाकघरात असायची.

फेब्रुवारीत बॉयलर तयार झाला. आता बोलणार काय हे दोघं?

पहिल्यांदा पेटवायचा तो रविवार. मी सकाळपासून मागे चिंच फोडत बसले होते. फोन आला, ह्यांनी तो विटेवर टेकवून उभा केला, फळ्या पेटवल्या. पेटवताना धूर सरळ चिमणीत जावा म्हणून वर एक झडप ठेवलीय. लाकडाने पेट घेतला की तिचा दांडा खाली ओढून खाचेत बसवायचा, म्हणजे झडप बंद आणि धूर खालच्या वाटेला. ह्यांनी दांडा ओढला, पंखा लावला. आणि चिमणीतून असा काळा धूर सुटला की शेजारच्या सरूबाई वाळत घातलेल्या साड्या काढायला धावल्या.

"पप्पा, हवा वाढवा. कमी करा. दार घट्ट आहे का?" दोन तास चाललं. दोन तास! संध्याकाळी मी फरशी धुवायला गेले, तर दांड्याच्या खाचेत एक चिंचोका. माझाच, फोडताना उडालेला. दांडा त्याच्यावर बसला होता, म्हणजे दिसायला खाली, पण झडप बोटभर उघडीच. मी चिंचोका काढला. हे सोमवारी पुन्हा पेटवून पाहतात तर काय, बॉयलर एकदम शहाणा. चिमणीवर नुसती हवा थरथरतेय आणि खालच्या काचेतून निळी-जांभळी ज्योत. हे नाचायचे बाकी होते.

"रविवारी अमूला दाखवतो," म्हणाले.

मी चिंचोका फेकला नव्हता. स्वयंपाकघरातल्या डब्यावर ठेवला होता. रविवारी तीन वाजता, हे लाकूड आणायला वळले तेव्हा, मी तो परत खाचेत ठेवला.

कशी हिंमत झाली ते विचारू नका. मला एवढंच कळत होतं की आज हा धड चालला तर पुढच्या रविवारी फोन वाजणार नाही.

त्या रविवारी धूर. त्याच्या पुढच्या रविवारीही धूर. संध्याकाळी मी चिंचोका गुपचूप काढून घ्यायची, त्यामुळे सोमवारी मात्र बॉयलर तोंडात बोट घालावं असा. अमूने डोकं चालवलं: पिंपरीत कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, रविवारी त्या चालू आणि वर लोकही घरीच, म्हणून व्होल्टेज पडत असेल आणि पंखा दमत असेल. ह्यांनी स्टॅबिलायझर आणला. मग ती म्हणाली, वाऱ्याची दिशा बघा. ह्यांनी चिमणी दोन फूट वाढवली. मग विटा काढून पुन्हा बसवल्या. हाताने बनवलेल्या त्या खाचेकडे मात्र ह्यांनी एकदाही पाहिलं नाही. स्वतःच्या हातच्या कामावर माणूस शंका घेत नाही. मी मात्र लबाड मांजरीसारखी दर रविवारी चहाचा ट्रे घेऊन बाजूला उभी.

पाचव्या रविवारी धूर आला आणि ह्यांनी हवा वाढवली नाही, दारही तपासलं नाही. नुसते उभे राहिले. मग फोनसमोर दोन्ही हात धरून म्हणाले, "अमू, हात गेला बघ माझा. दुसऱ्या कुणाचा असता तर मी आवाजावरून सांगितलं असतं. आता मला ऐकूच येईना तो काय म्हणालाय."

"पप्पा, असं काय बोलता."

"गुरुवारी भंगारवाल्याला बोलावतो. अगं, म्हातारा झालो मी. उगं तुझा रविवार खायलोय."

त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर खुर्ची परत भिंतीला, आणि त्यात हे. हात मांडीवर पालथे ठेवलेले. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी भांडले, रुसले, दोनदा माहेरी गेले, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी माझ्या पोरीचा आवाज ह्यांचे हात विकून विकत घेत होते.

"गुरुवारी नको," मी म्हटलं. "एक रविवार अजून बघा. माझ्यासाठी."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. तरी बघा."

रविवारी मी चिंचोका लग्नातल्या अक्षतेसारखा दूर फेकला, थेट सरूबाईंच्या पत्र्यावर. फोन आला. ह्यांनी मन नसल्यासारखा दांडा ओढला. पंखा घुमला. धूर पातळ झाला, मग पांढरा, मग नाहीसाच. हे खाली वाकले, काचेतून बघत राहिले आणि उठेचनात. अमू ओरडत होती, "पप्पा, कॅमेरा खाली घ्या ना, मला दाखवा!" ज्योत पाहिल्यावर ती तिकडे टाळ्या वाजवायला लागली. हे रडत होते आणि मला म्हणत होते, "राख गेली डोळ्यात."

"झाला पप्पा! झाला!" अमू म्हणाली.

अठरा मिनिटांत फोन संपला.

पुढच्या रविवारी साडेतीनला मी भांडी पुसत बसले. चार वाजले. ह्यांनी बॉयलर पेटवला, आंघोळ केली, खुशीत झोपले. त्याच्या पुढच्या रविवारी मेसेज आला, 'कामात आहे, नंतर करते.' तिसऱ्या रविवारी मेसेजही नाही. हे म्हणायचे, "अगं, पोरगी बिझी हाय. आणि आता बॉयलर चालालाय, तिला काय काळजी?" मला काळजी नको होती तिची. मला ती हवी होती.

बुधवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः फोन लावला. अमूकडे सकाळ. हे मागे राख काढत होते.

"आई? काय झालं? पप्पा बरे आहेत ना? बॉयलर?"

"कुणाला काही झालं नाही. बॉयलरलाही नाही."

"मग?"

"काहीच बिघडलं नाही, तरी फोन केला."

आणि मग मी तिला सगळं सांगून टाकलं. चिंचोका, झडप, पाच रविवार. तिने शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिकडून नुसता दार ओढून घेतल्याचा आणि जिना उतरल्याचा आवाज आला.

"मला तुझी फार आठवण येते गं, अमू," मी म्हटलं. "तू माझ्याशी दोन मिनिटं बोलतेस. मला वाटतं, आईला काय कळतं म्हणून तू आटपतेस. बापाशी दोन तास बोलायचीस ते मी चोरून ऐकायची."

"तसं नाही आई. पप्पांशी पत्रा, हवा, तापमान असं बोलता येतं. त्यात रडू येत नाही. तू नुसतं 'जेवलीस का' म्हणालीस की मला बॅग भरावीशी वाटते. म्हणून मी फोन ठेवते. तुझ्याशी बोलून मला कामावर जाता येत नाही."

मी भिंतीला टेकले. इतके दिवस मी कशाकशाचा हिशेब लावून बसले होते.

"मग आता का फोन करीनास? तीन आठवडे झाले."

ती म्हणाली, "बॉयलर झाला. आता पप्पा एकच विचारणार, जूनमध्ये किती तारखेला येतेस. मी सही केलीय आई. अजून तीन वर्षं. चांगलं काम आहे, मला करायचंय ते. पण तुम्हाला कसं सांगू ते कळेना."

तीन वर्षं. मला म्हणायचं होतं, फाड तो कागद. मला म्हणायचं होतं, ये. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं, कारण 'मला करायचंय' म्हणताना तिचा आवाज तोच होता जो बापाला "हवा वाढवा" सांगताना असायचा.

"नाश्ता केलास का?" मी विचारलं.

ती हुंदक्यातच हसली. "नाही. बस आली माझी."

"मग चढ. फोन ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. आम्ही फारसं बोललो नाही. दारं उघडण्याचा आवाज यायचा, एक बाई तिकडच्या भाषेत थांब्याची नावं सांगायची, अमू मध्येच नाक ओढायची. मी ऐकत राहिले. मागे हे राखेची पाटी आपटत होते आणि काहीतरी गुणगुणत होते.

उतरताना ती म्हणाली, "पप्पांना तू सांगू नकोस. रविवारी मीच सांगते. साडेतीनला."

"बरं," मी म्हटलं.

हे हात धुऊन आत आले. "कुणाचा फोन?"

"अमूचा. रविवारी करणार म्हणाली."

ह्यांचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना. मी भात लावायला उठले. रविवारी ह्यांच्या काळजाला कशी घरं पडणार आहेत ते मला माहीत होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मी बोटं मोजली. आणि तरीही, सगळं माहीत असून, मी त्या रविवारची वाट बघायला लागले होते.