उजळून ये, विझून जा

मावशीच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीन भिंतीशी ढकललं होतं, अर्धवट शिवलेले कपडे पलंगाखाली गेले होते आणि वीस-बावीस माणसं खुर्च्यांवर, फरशीवर, खिडकीच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसून एका टेबललॅम्पकडे टक लावून बघत होती. लॅम्प साधाच होता. हिरवी टोपी, वाकडी मान. मावशीचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते; घरी आणलेलं काम ते याच दिव्याखाली वाचायचे. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. आता ते दिव्यात येत होते, असं शेजारच्या काकूंचं म्हणणं.

"येतात म्हणजे?" भाचीने दारातच विचारलं.

"म्हणजे येतात! विचारलं की उत्तर देतात. जिवंत होते तेव्हा कधी 'हूं'च्या पुढे गेले नाहीत, आता बघ कसे घडाघडा बोलतात."

भाची दिव्याला भेटायला आली नव्हती. ती एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काल सकाळी तिच्यासमोर आलेल्या एका नळीवर मावशीचं नाव होतं आणि यंत्राने साखर दाखवली चारशे बारा. यंत्र चुकलं असेल म्हणून तिने तीच नळी पुन्हा लावली. चारशे नऊ. तिने तिथूनच फोन केला.

"मावशी, इन्सुलिन घेतेस ना?"

"बंद केलं. नऊ दिवस झाले. तुझ्या काकांनी नको सांगितलं."

म्हणून ती आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मावशीच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. मशीनच्या पायडलवर घासून जखम झाली होती आणि मावशीला ती दोन दिवस कळलीच नव्हती. साखरेच्या रोग्याच्या पायाला असं न कळणं म्हणजे काय, हे भाचीला चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात दिव्याला प्रश्न विचारणारे उजेडबाबा आले. पूर्वी हे गृहस्थ दारोदारी पाणी गाळायची यंत्रं विकायचे. यंत्रं गेली, पण विक्रेत्याची जीभ राहिली होती. त्यांनी करड्या रंगाचा कोट घातला होता, वरच्या खिशात फोन होता आणि दोन्ही तळवे सगळ्यांना दिसतील असे वर धरले होते.

"बघून घ्या! हात रिकामे. बाह्या वर. दोरा नाही, तार नाही, कसलीही लपवाछपवी नाही. शंका असेल त्याने आत्ताच विचारावं, मागून कुरकुर चालणार नाही." बोलणं अजून दुकानदारीचंच. एका वर्षाची हमी तेवढी द्यायची राहिली होती.

काकूंनी पहिला प्रश्न टाकला. मुलीला परगावची नोकरी लागेल का?

बाबांनी डोळे मिटले. "मुलीला नोकरी लागणार. खरं असेल तर उजळून ये!"

खोली श्वास रोखून बसली. "घाई नको," बाबा हळूच म्हणाले. "पलीकडून यायला वेळ लागतो." एक सेकंद गेला, दुसरा गेला. कुठेतरी 'टक्' झालं आणि दिवा लागला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता या ताईचं," बाबा मावशीकडे वळले. "पुन्हा विचारून खात्री करू. हिला सुईची गरज आहे. खोटं असेल तर विझून..." मागे कुणीतरी जोरात खोकलं. दिवा तसाच. बाबांच्या कपाळाला आठी पडली. "कुणाच्या तरी मनात मळ आहे. पुन्हा. खोटं असेल तर विझून जा!"

टक्. दिवा विझला. खोलीभर सुस्कारा पसरला.

भाची मात्र दिव्याकडे बघतच नव्हती. ती ऐकत होती. एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती इतकी सोपी होती की बावीस जणांत कुणालाच कशी दिसली नाही याचं तिला नवल वाटलं. 'हो' हवं असलं की बाबा 'खरं असेल तर' म्हणत आणि 'नाही' हवं असलं की 'खोटं असेल तर'. उत्तर कुठलं यायचं ते दिव्याने नव्हे, बाबांनी आधीच निवडलेलं असे. आणि मधे खोकला आला की आत्म्याला ऐकू येईना. मेलेल्या माणसाला खोकल्याचा अडथळा कशाला व्हावा? फोनला मात्र होतो.

शिवाय ते 'टक्'. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

वर्षापूर्वी मावशी इस्त्री चालू ठेवून बाजारात गेली आणि गिऱ्हाइकाचा कोट जळला. तेव्हा भाचीनेच दुकानातून एक स्मार्ट प्लग आणला होता. भिंतीच्या सॉकेटमध्ये तो लावायचा, त्यात इस्त्री लावायची, मग कुठूनही फोनवरून बंद करता येते. आत एक छोटा रिले असतो, म्हणजे विजेने चालणारं बटण. ते मिटतं-उघडतं तेव्हा 'टक्' होतं. तीन आठवड्यांपूर्वी तो प्लग तिच्या फोनवर दिसेनासा झाला. मावशीने काढून ठेवला असेल, म्हणून तिने चौकशीसुद्धा केली नाही. आत्ता तिने बघितलं. इस्त्रीची वायर सरळ भिंतीत होती. दिव्याची वायर काकांच्या फोटोमागे गेली होती.

ती उठली, बाबांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याच सुरात, त्यांच्या कोटाच्या खिशाकडे तोंड करून म्हणाली, "उजेडबाबांना शेपूट आहे. खरं असेल तर उजळून ये!"

एक सेकंद. दोन. टक्. दिवा लागला.

खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खी खोली हसली. भाचीने फोटो बाजूला केला. मागे तो पांढरा चौकोनी प्लग होता, कडेला निळा ठिपका.

"हा मी आणलेला आहे," ती म्हणाली. "याचं बटण पाच सेकंद दाबलं की तो जुन्या फोनला विसरतो आणि नव्याला जोडता येतो. यांनी तो आपल्या फोनला जोडलाय. फोनमध्ये दोन वाक्यं भरून ठेवली आहेत. फोन वाक्य ऐकतो, इंटरनेटवरून प्लगला हुकूम जातो. म्हणून दोन सेकंद लागतात. पलीकडून वगैरे कुणी येत नाही. फोन बाहेर ठेवा आणि घसा फुटेस्तोवर ओरडा, दिवा हलायचा नाही."

बाबांनी घाम पुसला. पण यंत्रं विकलेला माणूस. न पटलेलं गिऱ्हाईक कसं वळवायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"बघितलंत?" ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "माझं काम झालं! आता तो हिच्या हाकेलाही येतो. रक्ताचं नातं आहे ना!"

भाचीला आधी हसू आलं. मग तिने खोलीकडे बघितलं. काकू तिच्याकडे सरकल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"अगं, मग तूच विचार ना. माझ्या पोरीचं. तुझ्या तोंडून नीट येईल."

"काकू, मी आत्ता काय सांगितलं? प्लग आहे तो!"

"हो गं, प्लग आहे. पण प्लगमधून कोण येतंय?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "ताई, माझ्या गुडघ्याचंही विचारा."

तिने प्लग जागेवरच ठेवला, बाबांचा फोन खोलीबाहेर ठेवायला लावला, वाक्यं चारदा म्हणून दाखवली. दिवा ढिम्म. लोक म्हणाले, रागावले असतील. बाबा केव्हा सटकले ते कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी ते मागच्या गल्लीत एका पंख्यातून कुणाच्या तरी आईला बोलावत होते.

घर रिकामं झाल्यावर भाची स्वयंपाकघरात गेली. मावशी पाय पाटावर ठेवून बसली होती.

"मावशी, एक कळत नाही. प्लग नव्या फोनला जोडायला घरच्या वायफायचा पासवर्ड लागतो. तो त्यांना कुणी दिला?"

मावशीने भांड्यातलं पाणी संपवलं. "मी दिला."

"तुला कळलं नाही ते काय करतायत?"

"इस्त्रीला तूच लावून दाखवला होतास की. मी काय वेडी आहे? टक् झालं की मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग?"

"अकरा वर्षं, दिवसातून दोनदा सुई. पोटावर आता टोचायला जागा उरली नाही. तुझे काका होते तोवर ते टोचायचे. कंटाळा आला म्हटलं की तू रिपोर्ट दाखवतेस, डॉक्टर रागावतात. कुणीतरी एकदा 'नको' म्हणायला हवं होतं गं. तो बाबा म्हणाला."

रिले, वायफाय, दोन सेकंदांचा उशीर, सगळं तिने बिनचूक शोधलं होतं. सुई नकोशी झालीय का, हा मावशीला विचारायचा साधा प्रश्न मात्र अकरा वर्षांत तिच्या तोंडी आला नव्हता.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी परतताना सुई टोचायला येऊ लागली. मावशी कधी पदर बाजूला करी, कधी दारच उघडत नसे. जखम काळी पडली. महिन्याभरात अंगठा गेला आणि दीड महिन्यात घोट्यापासून पाऊल. शिलाई मशीन विकायला काढलं.

रुग्णालयात शेजारच्या वॉर्डातल्या एका रोग्याची बायको एका दुपारी स्टूल ओढून भाचीजवळ आली. नवऱ्याला साखरच होती.

"तुमच्याकडे तो दिवेवाला यायचा ना?"

भाचीने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्लग, फोन, दोन वाक्यं, खोकला. बाईने मधे मधे मान डोलावली, दोन शंकाही विचारल्या. तिला सगळं समजलं होतं.

"कळलं हो," ती म्हणाली. "पण पत्ता आहे का त्यांचा?"

"पत्ता मी देणार नाही," भाची म्हणाली. "तुमच्या मालकांना सुईचा कंटाळा आलाय का, ते आज त्यांनाच विचारा. आला असेल तर तसं डॉक्टरला स्पष्ट सांगा. बारीक सुई मिळते, वेळा बदलता येतात, जागा बदलून टोचता येतं. पण बंद करू नका. आणि कुणीही, दिवा असो, माणूस असो, औषध सोड म्हणाला, की एवढंच बघा, उत्तर खोटं निघालं तर पाय कुणाचा जाणार? सांगणाऱ्याचा जात नाही."

बाईने मावशीच्या पांघरुणाकडे बघितलं. पांघरूण डाव्या बाजूला लवकर सपाट होत होतं. मग ती उठली, स्टूल उचललं आणि लादी पुसणाऱ्या बाईला तोच पत्ता विचारायला गेली.