झोपेची भिशी

आमच्या मुलांच्या समुपदेशक देवयानी मॅडम दर महिन्याच्या सभेत आम्हा पालकांना सांगतात, स्वतःची काळजी घ्या. मॅडम चांगल्या आहेत, शिकलेल्या आहेत आणि बोलतात ते सगळं खरं असतं. पण हे वाक्य आलं की कल्याणच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या आम्ही आया एकमेकींकडे बघतो. माझा सुमेध नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. तो रात्री कधीही उठतो आणि घरातले सगळे नळ सोडून पाणी बघत बसतो. नवरा, रवींद्र, रात्रपाळीला. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे स्वतःची काळजी घ्यायची ती नळ बंद करता करता.

भिशीची कल्पना मॅडमची नाही, गोदाताईंची. त्या ठाण्याकडच्या बाळकुमच्या जुन्या रहिवासी. त्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत आणि टॉवरांच्या मध्ये त्यांचा बंगला. त्यांची करिश्मा वीस वर्षांची, तिलाही ऑटिझम. पैसा असला की माणसं ठेवता येतात, असं मला वाटायचं. पण करिश्मासाठी ठेवलेली बाई महिनाभरही टिकत नाही. ताईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं माझ्याइतकीच.

त्या दिवशी मॅडमचं बोलून झाल्यावर ताई म्हणाल्या, "आमचे गावात बायका पैशाची भिशी लावतान. आपून दिवसाची लावू. एकीनं पोर सोडायचा, दुसरीनं सांभालायचा."

मॅडमना भिशी समजावून सांगावी लागली नाही, पण त्यांनी ती वहीत 'परस्पर आधार गट' अशी लिहून घेतली. आम्ही भिशीच म्हणतो. महिन्यातून एक रविवार ठरला. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, माझी जोडी गोदाताईंशी लागली. पहिला रविवार त्यांचा होता, तेव्हा करिश्मा शहाडला आमच्या घरी राहून गेली. दुसरा माझा.

नऊ वर्षांत सुमेध माझ्याशिवाय कुणाकडे दिवसभर राहिलेला नव्हता. माझ्या आईकडेसुद्धा नाही. हा एक दिवस जमला तर महिन्याआड मला झोप मिळणार होती, आणि नाही जमला तर पुन्हा कुणी विचारणारही नव्हतं. शेजाऱ्यांना विचारून झालेलं होतं. शेजारी फार प्रेमळ आहेत, दुरून.

रवींद्रनं स्कूटरवरून आम्हाला बाळकुमला नेलं. मी ताईंना सगळं सांगितलं. दूधभात गार लागतो, कुकरची शिट्टी नको, केसांना हात लावायचा नाही, नळ सोडला तर रागवायचं नाही. ताई सगळ्याला मान हलवत होत्या. सुमेध थेट मोरीत गेला आणि मी मागच्या मागे निघाले.

घरी आले आणि झोपले. सासूबाईंनी जेवायला हाक मारली म्हणे, मला पत्ता नाही. जागी झाले तेव्हा वार कोणता ते आठवेना, आणि पोराची आठवण तर त्याच्याही नंतर आली. लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, अंग हलकं झालं होतं. मला आणखी हवं होतं.

संध्याकाळी ताईंनी हसतच दार उघडलं. "सोन्यासारका ऱ्हायला गं तुजा पोर. रडला नाय, पडला नाय. तिकडं खिडकीत बसून दिवसभर बोलत होता, आई आली, आई आली. मी बोलली, येल रे बाला, येल. तरी परत तेच, आई आली."

मी सुमेधची चप्पल शोधत होते. हात तिथेच थांबला.

सुमेध ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतो. बालवाडीत तो रडायला लागला की बाई त्याला उगी करायला म्हणायच्या, आई आली, आई आली. मी आलेली नसायचेच. तेव्हापासून त्याच्या तोंडी या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. आई नाही, मला आई हवी. मी जवळ असले की तो हे कधी म्हणत नाही, म्हणून एवढ्या सूचनांमध्ये हे सांगायचंच राहिलं. सकाळपासून माझं पोर मला बोलवत होतं आणि मी घोरत पडले होते.

तरीसुद्धा माझ्या मनात पहिलं काय आलं? गप्प बसावं. सांगितलं तर ताईंच्या जिवाला लागेल. पुढच्या वेळी त्या कचरतील, रवींद्र नको म्हणेल, आणि माझी झोप गेली ती गेलीच. 'छान राहिला' म्हणायचं आणि निघायचं. मी त्याच्या पायात चप्पल घातली.

ताई म्हणाल्या, "पुढचे वेलेला मीच बोलत ऱ्हाईन त्याचे संगती, आई आली, आई आली. आवडतं त्याला."

मग मला राहवेना. सांगून टाकलं.

ताई झोपाळ्यावर बसल्या. मला वाटलं, झालं, संपली भिशी.

"तुजे घरा करिश्मा गात होती ना," त्या म्हणाल्या. "तूच बोललेलीस."

"हो. दिवसभर. हळदीचं गाणं. आमच्या सासूबाई तर टाळ्या वाजवत होत्या, अजून म्हण म्हणून."

"ती भ्याली की गाते. बारकी असताना हळदीला डीजेजवल बसवलेली तिला. भ्याली आन् तेच गानं बोलाय लागली. तवापासून तसंच हाय."

आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ती आणखी मोठ्यानं गायली होती, आणि आम्ही आणखी.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलली असती तर तू परत ठेवली असतीस?" ताईंनी पदरानं तोंड पुसलं. "मना झोप पायजे होती गं."

एरवी मी लगेच भडकते. आज कोणत्या तोंडानं भडकणार? तेच पाप मी आत्ता त्यांच्या दारात करणार होते, चप्पल घालेपर्यंत तर केलंच होतं.

"मग बंद करायची का भिशी?" मी विचारलं.

"बंद करून काय करशील? नल बंद?"

दोघींनाही हसू आलं, फार नाही. मी सांगितलं, सुमेध तसं म्हणाला की 'आई हवी' म्हणायचं, खोटी आशा लावायची नाही, फोनवर माझा आवाज ऐकवायचा. करिश्मा गायला लागली की खोलीतली सगळी माणसं बाहेर काढायची आणि तिच्या पाठीवर जड हात ठेवायचा, असं ताईंनी सांगितलं. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे यायची होती.

"ती गायला लागली की मी लगेच फोन करते तुम्हाला," मी म्हटलं.

ताईंनी थोडा विचार केला.

"लगेच नको करू," त्या म्हणाल्या. "थोडी झोपू दे मना, मग कर."