काळ्या कडेचा कागद

यंत्रांना भीती वाटत नाही असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर मित्रांनो, ते साफ खोटे आहे. मी माध्यमिक शाळेचा एक जुना प्रिंटर आहे. वजन अठरा किलो, रंग एकेकाळी पांढरा, आता जुन्या दातासारखा पिवळट. आणि मी भित्रा आहे. एका कागदाने मला भित्रा केले, आणि तो कागद मीच छापला होता.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. कारखान्यातून खोक्यात बसून मी बल्गेरियातल्या डोंगरपायथ्याच्या आमच्या छोट्या गावात आलो आणि शाळेच्या कार्यालयात गिंका बाईंच्या टेबलाशेजारी विराजमान झालो. गिंका बाई शाळेच्या चिटणीस. मी प्रश्नपत्रिका छापल्या, दाखले छापले, सहलींच्या याद्या छापल्या. मुख्याध्यापक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा गाढवासारखा राबतो, पण तक्रार नाही." ते ऐकून मी अधिकच जोरात गरगरत असे. मग एके वर्षी रंगीत छापणारा नवा प्रिंटर आला. मला कोपऱ्यात सरकवले आणि माझ्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली. माझा ड्रम, म्हणजे कागदावर शाईची पूड उमटवणारा रूळ, कडांना झिजला होता. छापताना दोन्ही बाजूंनी काळी पूड गळायची. दुरुस्तीचे कोणी मनावर घेतले नाही. कुंडीला पाणी मात्र रोज मिळायचे.

मग साथ आली त्या साली एक मार्चला गिंका बाईंनी सगळ्यांच्या मनगटांना लाल-पांढरे दोरे बांधले. वसंताच्या तोंडावर, आरोग्यासाठी, आम्ही ते बांधतोच. एक दोरा त्यांनी माझ्या झाकणाच्या मुठीलाही बांधला. "घे म्हाताऱ्या," त्या म्हणाल्या, "तुझीही तब्येत सांभाळायला हवी." दोन आठवड्यांनी रोगाच्या साथीमुळे शाळा बंद झाली.

नवा प्रिंटर शाळेच्या संगणकांच्या जाळ्याला जोडलेला होता, घरी नेऊन त्याचा उपयोग नव्हता. म्हणून गिंका बाईंनी मला बाजाराच्या ढकलगाडीवर चढवले, वर टेबलक्लॉथ घातला आणि आपल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे चार मजल्यांच्या इमारतीत, नेले. त्यांचे घर तळमजल्यावर. मला शिलाई मशीनच्या टेबलावर, जिन्याकडच्या भिंतीला लागून जागा मिळाली. भिंत पातळ होती. कोण उतरले, कोण शिंकले, कोणाच्या घरी भांडण लागले, सगळे मला ऐकू यायचे. शाळेत मुलांचा गलका होता. इथे चार मजल्यांवरून शिक्षकांचे आवाज फोनमधून यायचे आणि मध्येच तुटायचे. पोरे "ऐकू येत नाही, बाई, ऐकू येत नाही" म्हणून ओरडायची. तेव्हापासूनच मला थोडे धास्तावल्यासारखे होऊ लागले होते.

गावात अकरा घरे अशी होती की जिथे संगणक नव्हता. तीन भावंडांत एक फोन असायचा. त्या घरांसाठी गिंका बाईंनी एक पत्रक काढायला सुरुवात केली, दर गुरुवारी. टीव्हीवर कोणता तास कधी आहे, घरात रडारड किंवा भांडणे वाढली तर कोणत्या शिक्षकांना निःसंकोच फोन करायचा, आठवड्याचा एक विनोद. आणि मागच्या पानावर एका माणसाला शाबासकी, फोटोसकट. त्या घरांत पत्रक हातात जायचे. शाबासकीचे पान मात्र त्या माणसाच्या ब्लॉकच्या दारावर चिकटवायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यातूनच घडली. आमच्याकडे माणूस गेला की घरचे लोक एक कागद छापून घेतात. वर नाव, मधे फोटो, खाली दोन ओळी, आणि भोवती काळी कड. तो कागद घराच्या दारावर लागतो, बसथांब्यावर लागतो, झाडावर लागतो. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतो, वर्षाने पुन्हा. पावाला बाहेर पडलेला माणूस जाता जाता त्या कागदांवरून नजर फिरवतो, आज कोण गेले ते बघतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये ही नजर फिरवताना लोक आधी ओळखीचे नाव शोधायचे.

त्या आठवड्याची शाबासकी चौथ्या मजल्यावरच्या नेवेनाला होती. नेवेना जिल्ह्याच्या रुग्णालयात परिचारिका. रोग घरी येऊ नये म्हणून ती पाच आठवडे तिथल्याच वसतिगृहात राहात होती. घरी तिची आई दोना आजी आणि नववीतली मुलगी बिल्याना. घरात फोन एकच. दिवसा त्यावर बिल्यानाचे तास चालायचे आणि संध्याकाळी सातला नेवेना त्यावरच बोलायची. सात वाजले की जिन्यात दोना आजीचा आवाज घुमायचा, "जेवलीस का? खोटं बोलू नकोस!"

गिंका बाईंनी मोठ्या अक्षरांत नेवेनाचे नाव लिहिले, खाली तिचा हसरा फोटो लावला, भोवती पानाफुलांची नाजूक महिरप आखली. हेतू चांगलाच होता. बुधवारी दुपारी त्यांनी मला सुरू केले तेव्हा एकीकडे शिक्षकांची सभा चालू होती, दुसरीकडे शेगडीवर घेवड्याची आमटी. पहिला कागद माझ्या पोटातून सरकू लागला आणि मला कळले की महिरपीच्या पानाफुलांत माझी पूड गळते आहे. नाजूक पाने भरत गेली, बुजली. उरली एक जाड काळी कड.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला एकच गोष्ट करता येते, ती मी केली. कागद अडकवला.

"आता तू पण नखरे कर," गिंका बाई म्हणाल्या आणि माझ्या कुशीवर एक थापट मारली. कागद ओढून काढला. मी पुन्हा अडकवला. पुन्हा थापट. तेवढ्यात आमटी उतू गेली. त्यांनी उरलेले कागद न बघताच पिशवीत कोंबले आणि गुरुवारी सकाळी आठच्या आत एक कागद आमच्याच ब्लॉकच्या काचेच्या दाराला बाहेरून लावून त्या घरात आल्या.

साडेआठ ते साडेदहा ही दुकानात फक्त म्हाताऱ्या माणसांनी जायची वेळ ठरली होती. म्हणून त्या वेळी जिन्यात आधी पेंचो काकांची पावले वाजायची. काका आमच्या ब्लॉकचे कारभारी. दिवे, कुलपे, कचरा, सगळ्यांवर त्यांचा डोळा. ते बाहेर पडले आणि लगेच आत आले. पण पावले वर चढली नाहीत, दाराशीच थांबली. ते मला अजिबात आवडले नाही.

वरून दोना आजी उतरत होती. "पेंचो, काल फोनच आला नाही रे पोरीचा," ती अर्ध्या जिन्यातून म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

काका म्हणाले, "दोना, आज तू नको जाऊस. तुझा पाव मी आणतो."

"का? माझे पाय मोडलेत?"

"थंडी आहे बाहेर."

"एप्रिलात? सरक बाजूला. तोंड का असं झालंय तुझं?"

पिशवी पडल्याचा आवाज आला. रिकामी काचेची बाटली पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. गिंका बाईंनी दार उघडले आणि मला समोरचे काचेचे दार दिसले. बाहेर ऊन होते. उन्हात तो कागद उलट्या बाजूनेही दिसत होता. चौकोनी, काळा, आणि मधे नेवेना.

दोना आजी ओरडली नाही. कठड्याला धरून ती एवढेच म्हणाली, "बिल्यानाला कोणी सांगू नका. तिचा गणिताचा तास चालू आहे. तास होऊ दे तिचा."

माझ्या आत एकही चाक फिरत नव्हते, तरी मी थरथरलो.

"काय झालं? अहो, काय झालं?" गिंका बाईंनी विचारले.

"नेवेना गेली," काका टोपी छातीशी धरून कुजबुजले. "दारावर लागलंय."

गिंका बाई काचेकडे पाहून ओरडल्या. "अहो, तो माझा कागद आहे! शाळेचा! शाबासकी आहे ती!"

"म्हणजे शाळेला आधी कळवलं?" दोना आजी म्हणाली. "आईला नाही, शाळेला?"

"आजी, कुणीच काही कळवलेलं नाही. माझ्या गळक्या डबड्यामुळे कड काळी आली. वाचा तरी!"

"चष्मा नाही माझ्याकडे. आणि मला वाचायचंही नाही." आजीने बाईंकडे पाहिले. "बरं, तुझं खरं. मग तिने काल फोन का केला नाही?"

गिंका बाईंनी रुग्णालयाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. मी पाहिले की आता त्यांचाही स्वतःच्या कागदावर विश्वास उरला नव्हता. माझाही नव्हता. एक भयंकर विचार मला शिवला. मी छापले म्हणून तर तसे घडले नसेल? या गावात काळ्या कडेचा कागद आजवर कधी खोटा निघाला नव्हता.

वरच्या मजल्यावर दार आपटले. बिल्याना अनवाणी धावत खाली आली. काका दारासमोर उभे राहिले, कागद तिला दिसू नये म्हणून.

"आजी! तास तुटला, आईचा फोन आलाय! ती ओरडतेय नुसती!"

फोनमधून नेवेनाचा आवाज फुटला. "आई, तिथे चाललंय काय? गावातून कुणीतरी वसतिगृहात फोन करून माझ्यासाठी रडलं! इथल्या बाईंनी मला गदागदा हलवलं, श्वास चालतोय का बघायला! दोन पाळ्या सलग केल्या मी, काल बूट न काढताच झोपले, फोन कधी बंद पडला कळलंच नाही..."

दोना आजीने दोन्ही हातांनी फोन धरला. ती म्हणाली, "बूट घालून? गादीवर? हेच शिकवलं का मी तुला?" आणि ती पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

बिल्यानाने काकांना बाजूला करून कागद पाहिला. मग तिने तो मोठ्याने वाचला. "नेवेनाताई, आमच्या गावाला तुमचा अभिमान आहे. लवकर घरी या." काका मान खाली घालून म्हणाले, "मी वाचलंच नाही गं. दोन मीटरवरून कड दिसली, टोपी काढली."

तो कागद आजीने वर नेला, शिवणाच्या कात्रीने चारही बाजूंची काळी कड कापून टाकली आणि मधला भाग फ्रिजवर लावला. मग तोंडाला मास्क बांधून ती खास मला बघायला आली. "खोट्या मरणाने माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात," ती मला म्हणाली. "वाढलेलं बरं. नाहीतर तुला जिन्यावरून ढकलून देईन." ती हे खरेच करील याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

त्या दिवशी गिंका बाईंनी पहिल्यांदा माझे झाकण उघडून ड्रम मऊ फडक्याने पुसला. महिरप आखणे त्यांनी कायमचे सोडले. जूनमध्ये नेवेना बूट हातात घेऊन चौथा मजला चढली, आणि तो आवाज ऐकताना मी वर्षानुवर्षांत पहिल्यांदा निवांत झालो.

पण गोष्ट तिथे संपली असती तर मी अजून भित्रा का असतो? हिवाळ्यात साथ पुन्हा उसळली, शाळा पुन्हा बंद झाली आणि मी पुन्हा ढकलगाडीवरून त्याच टेबलावर आलो. एका सकाळी जिन्यात पेंचो काकांची पावले वाजली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. गावातला छापखाना बंद होता, म्हणून बिल्याना फोटो घेऊन आमच्याकडे आली. फोटोत काकांनी टोपी घातली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात असेल तर त्याला वेळेवर पुसा. ते वारंवार अडत असेल तर थापट मारण्याआधी त्याच्या पोटातला कागद एकदा बघा. दारावर काही लावाल तर आधी वाचा, आणि लावलेले दिसले तर दोन पावले जवळ जाऊन वाचा. आणि एखाद्याला शाबासकी द्यायची असेल तर पुढच्या गुरुवारची वाट बघू नका. पेंचो काकांची शाबासकी आमच्या यादीत होती. त्यांचा क्रम अजून आला नव्हता.

बिल्याना फोटो घेऊन आली त्या दिवशी गिंका बाईंनी स्वतः काळी कड आखली, सरळ आणि जाड. मी सुरू झालो. कागद अर्ध्यापर्यंत आला आणि मी तो अडकवला, कारण मला तेवढेच येते. बाईंनी या वेळी थापट मारली नाही. दोरा बांधलेल्या माझ्या झाकणावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माहीत आहे रे. माहीत आहे. पण या वेळी ते खरं आहे."

मग मी कागद सोडला.