टाचेवरचं वळण

टाचेवरच्या वळणात स्नोबोर्डच्या फळीचं मागचं टोक पुन्हा सुटलं आणि इलारियो पाठीवर आपटून उतारावरून बराच खाली घसरत गेला. मानेतून बर्फ आत शिरला. त्याने उठायची घाई केली नाही. वरून रोमिनाचा आवाज आलाच.

"बसलास? पुन्हा बसलास! खुर्ची मांडलीय का कुणी तिथे?"

"बसलो नाही. पडलो."

"आधी बसलास, मग पडलास. टाचेवर गेलास की ढुंगण मागे टाकतोस. गुडघ्यात वाक, म्हाताऱ्या, गुडघ्यात! कमरेत नाही."

ती त्याच्याशेजारी येऊन थांबली. रोमिना त्याच्या बायकोची, नेलिदाची, धाकटी बहीण. दोघी बहिणी स्नोबोर्ड शिकवायच्या. नेलिदा उन्हाळ्यात गेली. आता एकटी रोमिना शिकवत होती, आणि विद्यार्थी म्हणून तिच्या वाट्याला हा आला होता.

तिने हाताने वर दाखवलं. "बघ. चवड्यावरचं वळण बघ. दोरी ठेवल्यासारखं. आणि हे टाचेवरचं. कुणी बटाट्यांचं पोतं ओढत नेलंय असं वाटतंय."

इलारियोने पाहिलं. त्याला ते दिवसभर दिसतच होतं. कडेवर उभी राहिलेली फळी बर्फात बारीक रेघ कोरत जाते आणि कड सुटली की बर्फ खरवडला जातो, हे आता त्याला झोपेतही सांगता आलं असतं. जमत मात्र नव्हतं.

"मागच्या पायाने ढकलतोस," रोमिना म्हणाली. "ढकलू नको. फळीला वळायला वेळ दे. थांब जरा."

"थांबतो, तर सरळ झाडात जाईन."

"मग जा झाडात. निदान रेघ तरी बारीक येईल."

त्याने हातमोजा काढून आपटला, मग निमूटपणे उचलून पुन्हा घातला. लहानपणापासून तो या डोंगरावर स्की करत आला होता. स्नोबोर्डवाल्यांना तो आणि तारेवरच्या लिफ्टचे इतर मेकॅनिक 'सील' म्हणत, कारण त्या समुद्रप्राण्यासारखे बघावं तेव्हा ते बर्फात बसलेले. नेलिदाशी त्याचं यावरून जेवताना भांडण व्हायचं. सगळा संसार या भांडणात गेला. आणि आता तोच, सत्तावन्न वर्षांचा सील, तिच्याच फळीवर पाय बांधून पडत होता.

कारण शनिवार जवळ आला होता. डोंगरावर शिकवणारं कुणी गेलं, की हंगामाच्या शेवटी एका सकाळी, लिफ्ट लोकांसाठी उघडायच्या आधी, सगळे शिक्षक नुकत्याच सपाट केलेल्या उतारावरून एकेक करून खाली येत. ज्याची त्याची एक रेघ. कुणी कुणाची रेघ ओलांडायची नाही. पहिली रेघ घरच्यांची. घरच्यांना येत नसेल, तर त्यांच्या वतीने कुणीतरी उतरे. मग खाली उभं राहून सगळे वर बघत, ऊन चढून रेघा विरघळेपर्यंत.

"मी उतरते ना तुझ्या वतीने," रोमिना पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"नाही. मी उतरणार. तिच्या फळीवर."

तेव्हापासून हे चाललं होतं.

दुपारी ते वरच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत शिरले. इलारियोची सगळी नोकरी या खोलीत गेली होती. खोलीला एकच खिडकी, ती तारेच्या बाजूला. उतार दिसत नसे. त्याने 'माते'साठी, त्या कडवट पानांच्या चहासाठी, पाणी ठेवलं. रोमिनाने कड घासायला फळी टेबलावर आडवी घेतली आणि बूट अडकवायच्या बाइंडिंगांवरचा बर्फ झटकला. झटकता झटकता ती थांबली. मग वाकून अंगठ्याने काहीतरी घासलं.

"ही कधी फिरवलीस?"

"काय?"

"बाइंडिंगं. खाली जुने डाग आहेत. रंग उडालाय तो दुसऱ्या बाजूला तोंड करून. म्हणजे आधी ही उलटी होती."

"मी हातसुद्धा लावलेला नाही. तिने ठेवली तशीच आहेत."

रोमिनाने कानस खाली ठेवली. "तुझा उजवा पाय पुढे असतो, म्हणून तू तशी लावून घेतलीस. असंच ना?"

"माझा कुठला? तिचा उजवा पुढे असायचा, म्हणून मी उजवा ठेवतो."

"नेलीचा डावा पुढे असायचा."

"उजवा."

"इलारियो, मला तिने शिकवलंय. मी लहान असल्यापासून तिच्या मागून उतरलेय. डावा." तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं बायको होती तुझी. कुठला पाय पुढे, तेवढंही बघितलं नाहीस?"

माते भरून त्याने तिच्यासमोर सरकवली. तिने ती घेतली नाही.

"गेल्या हंगामात तू इथे नव्हतीस," तो म्हणाला.

"उश्वायाला शिकवत होते."

"तिचा डावा खुबा दुखायचा. म्हणायची, थंडीने. रात्री मलम चोळायची. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते काय होतं ते."

रोमिना फळीकडे बघत राहिली. पुढच्या पायावर सगळा भार येतो, हे तिला त्याला सांगावं लागलं नाही. गेल्या महिनाभरात तिने ते इतक्यांदा ओरडून सांगितलं होतं.

"म्हणजे तिने सगळं उलटं केलं," ती म्हणाली. "या वयात. आणि पहिल्यापासून शिकली. कुणाला कसं कळलं नाही?"

"गेल्या वर्षी तिने फक्त लहान पोरं घेतली होती. सपाटीवरची."

"मला फोनवर म्हणाली, मजेत आहे."

"मलाही तेच म्हणाली!" इलारियोने किटली इतक्या जोरात ठेवली, की पाणी उसळून चुलीवर चुरचुरलं. "सांगायला काय झालं होतं हिला?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

'सोड ती फळी, बस घरी,' हेच तो म्हणाला असता. त्याने चुलीवरचं पाणी पुसायला घेतलं आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

रोमिनाने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "फिरवते. तू डाव्या पायाचा माणूस आहेस. मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. उगाच घसा बसवला मी. डावा पुढे आला की दोन दिवसांत सरळ होशील."

इलारियोने फळीवर हात ठेवला. "राहू दे."

"हे बघ, उजवा पुढे ठेवून शनिवारपर्यंत तुझं टाचेवरचं वळण होणार नाही. सगळ्या डोंगरासमोर झाडू मारत उतरशील."

"उतरेन."

"गाढव आहेस तू."

"असेन. चल, लिफ्ट बंद व्हायच्या आत अजून एकदा जाऊ."

शनिवारी सकाळी उतार कडक होता, यंत्राने ओढलेल्या बारीक खाचांचा. शिक्षक वर रांगेत उभे होते. इलारियो पहिला निघाला, उजवा पाय पुढे. चवड्यावरचं पहिलं वळण त्याने मन लावून घेतलं. टाचेवर येताना गुडघे वाकवले, वाट पाहिली, आणि तरी मागचं टोक सुटलंच. तो पडला नाही. पुढचंही सुटलं. खालपर्यंत एक वळण धड, एक फरफटलेलं, असाच तो आला. मागून एकेक जण उतरला. रोमिनाची रेघ सर्वांत बारीक होती.

खाली सगळे वर बघत उभे राहिले. एवढ्या रेघांत त्याची लांबूनही ओळखू येत होती. दोघं-तिघं ती बघून दुसरीकडे बघू लागले.

रात्रभर यंत्राने उतार सपाट करणारा कात्रिलेफ आता ते बंद करून, थर्मास घेऊन त्यांच्यात आला होता. त्याने वर पाहिलं. टोपी मागे सरकवून पुन्हा पाहिलं.

"ही कुणाची?"

"माझी," इलारियो म्हणाला.

"गेल्या वर्षीपण तूच का?"

"गेल्या वर्षी काय?"

"अरे, मी उतार करून घरी निघायचो आणि उजाडता उजाडता ही रेघ त्यावर हजर. अशीच. एक वळण बरं, एक पुसलेलं. कुठला शिकाऊ माझं काम नासतोय म्हणून रोज शिव्या घालायचो."

रोमिनाने इलारियोचं कोपर धरलं. त्याने ते हळूच सोडवलं.

"रोज?"

"हो, रोज. हळूहळू जरा सुधारलीपण होती. मग खालपर्यंत पोचेनाशी झाली. अर्ध्यातच संपायची." कात्रिलेफने त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि थर्मासचं झाकण फिरवू लागला.

इलारियो बराच वेळ उताराकडे बघत राहिला. मग वाकून त्याने मागचा पाय सोडवला आणि फळी ओढत लिफ्टकडे निघाला.

"आता कुठे?" रोमिना मागून ओरडली. "एकदाच उतरायचं असतं, माहितीये ना तुला?"

"टाचेवर अजून सुटतंय," तो वैतागून म्हणाला. "चल, बघ जरा मागून."